डोक्याला डोकं

उवांना लाज नसते. लाज असते ती ज्यांच्या डोक्यात त्या मुक्कामाला येतात त्यांना, आणि ज्यांचं पोटच केसांवर चालतं त्यांना तर जरा जास्तच. ठमीच्या आईचं सलून होतं. चौकाच्या वळणावर, दोन आरशांचं, दोन खुर्च्यांचं. काचेवर आईनं स्वतःच्या हातानं रंगवलं होतं, ‘केसांची काळजी आमच्यावर सोडा’. अशा सलूनच्या मालकिणीच्या एकुलत्या एका मुलीच्या डोक्यात, शिबिराला निघायच्या आदल्या संध्याकाळी, ऊ सापडली. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

ठमी तेव्हा खुर्चीत बसली होती, खांद्यावर पांढरा टॉवेल होता आणि आई तिच्या केसांची टोकं सारखी करत होती. कात्री हातात असली की आईचं तोंड कात्रीपेक्षा जोरात चालायचं. ते एकदम थांबलं.

“काय झालं गं, आई?”

“काही नाही. हलू नकोस.”

आईनं टॉवेलवरचं काहीतरी चिमटीत उचललं, उजेडात धरलं आणि जाऊन शटर खाली ओढलं. मग पंखाही बंद केला. ऊ काही पंख्याच्या वाऱ्यानं उडून बाहेर जात नाही, पण माणूस घाबरलं की काहीतरी बंद करतंच.

“मी नाही जात मग शिबिराला,” ठमी म्हणाली. खरं तर तिला जायचंच होतं.

“नाही कशी जात? येणाऱ्या प्रत्येक बाईला सांगून झालंय माझं. आमची ठमी तळ्याकाठी जाणार, होडी चालवणार. आता काय सांगू, डोक्यात पाहुणे आले म्हणून राहिली?”

मग आईनं औषध काढलं, फणी काढली आणि लेकीच्या डोक्यावर अशी तुटून पडली की ठमीच्या डोळ्यांतून पाणी आलं. बट वेगळी करायची, मुळापासून टोकापर्यंत फणी ओढायची, टॉवेलला पुसायची, पुन्हा ओढायची. कितीतरी वेळ हेच चाललं होतं. शेवटी हात दुखायला लागले तेव्हा आई समोर येऊन बसली.

“हे बघ. उवा मेल्या. पण लिखांचा काही भरवसा नाही, मेल्या चिवट असतात. आठवड्यानं परत औषध लावायला लागतं आणि तू असणार तिकडे. तेव्हा नीट ऐक. दहा दिवस कुणाच्या डोक्याला डोकं लावायचं नाही. कंगवा द्यायचा नाही, घ्यायचा नाही. टोपी नाही, उशी नाही, रुमाल नाही. आणि कुणाजवळ एक अक्षर बोलायचं नाही. सलूनवालीच्या पोरीच्या डोक्यात उवा, असं एकदा झालं ना तोंडोतोंडी, की आपण खुर्च्या विकायला काढायच्या.”

“बाबांना सांगायचं?”

“बाबांना तर मुळीच नाही.” बाबा लोकांना गाडी चालवायला शिकवायचे आणि गाडीत बसलेल्या माणसाला घरातली प्रत्येक गोष्ट सांगायचे. शिकणारा समोर बघत असतो, त्याला पळून जाता येत नाही.

आता दहा दिवस डोकं सांभाळायचं ही काही फार मोठी गोष्ट नव्हे, असं मोठ्या माणसांना वाटतं. ठमीचं दुःख वेगळं होतं. तिची जिवाभावाची मैत्रीण वडिलांची बदली झाली म्हणून दुसऱ्या गावी गेली होती, आणि तेव्हापासून ठमी मधल्या सुट्टीत डबा घेऊन सूचनाफलकासमोर उभी राहायची. एकटी खातेय असं वाटू नये, काहीतरी वाचतेय असं वाटावं म्हणून. फलकावरच्या सगळ्या सूचना तिला पाठ झाल्या होत्या. शिबिरात एक मैत्रीण मिळवायची, एकच, पण आपली, असं तिनं महिनाभर आधीपासून ठरवून ठेवलं होतं. आणि आता त्याच मैत्रिणीपासून दोन हात लांब राहायचं होतं.

शिबिराचं तळं चांगलं ऐसपैस होतं. काठाला गवत, पाण्यात शिरलेला लाकडी धक्का, धक्क्याला बांधलेल्या होड्या. गवतावर पाच तंबू आणि मागे टेकडीवर एक दगडी इमारत. इमारतीत मोठ्या बाई राहायच्या, म्हणजे शिबिराच्या प्रमुख, आणि औषधपाण्याचं बघणाऱ्या सिस्टर. प्रत्येक तंबूत चार मुली. ठमीच्या तंबूत बाकीच्या तिघींनी एकमेकींना नावं ठेवून पहिल्याच दिवशी बारसं उरकलं होतं. एक होती कप्तान. तिच्या गळ्यात स्वतःची शिट्टी होती आणि ती शिट्टी फुंकल्याशिवाय साधी जांभईसुद्धा द्यायची नाही. दुसरी पोस्टमन. ती दर तासाला पाचही तंबूंत फेरी मारून इकडच्या बातम्या तिकडे पोचवायची, आणि बातमी सांगायची ती अगदी कानाला तोंड लावून. तिसरी झिपरी. तिचे केस कुरळे, दाट आणि कुणाच्याही ताब्यात नसलेले. सकाळी झिपरी उठायची त्याच्या आधी तिचे केस उठायचे. ती होडीतून पाण्यात पडायची, धक्क्यावरून पाण्यात पडायची, आणि एकदा तर काठावर सरळ चालता चालता पाण्यात पडली. पडली की आधी स्वतःच हसायची. ठमीला ती बघताक्षणी आवडली. हीच, असं ठमीच्या मनानं सांगितलं, आणि लगेच आईचा आवाज आला, दोन हात लांब.

तुम्ही कधी मुलींची मैत्री होताना पाहिलीय का? ती सगळी डोक्याला डोकं लावून होते. गुपित सांगायचं तर डोकं जवळ. एका पुस्तकात दोघींनी वाचायचं तर डोकं जवळ. वेणी घालायची, फोटो काढायचा, झोपायच्या आधी एका उशीवर लोळत कुणाची तरी नक्कल करायची, सगळीकडे डोकं आलंच. ठमीनं पहिल्याच दिवशी आपली खाट ओढत तंबूच्या दाराशी नेली.

“तिथं का?” कप्ताननं विचारलं.

“मला वारा लागतो,” ठमी म्हणाली. त्या वेळी ती पोहायची रबरी टोपी घालून बसली होती. जेवतानाही ती टोपी डोक्यावर, झोपतानाही डोक्यावर. टोपीच्या आत घामानं डोकं उकडून निघायचं आणि खाजायचं. खाजलं की तिला वाटायचं, झालं, फुटल्या लिखा. उवांचं नुसतं नाव काढलं तरी भल्याभल्यांचं डोकं खाजतं, हे त्या पोरीला कुणी सांगितलं नव्हतं. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय.

फोटोच्या वेळी तिघी गळ्यात गळे घालून उभ्या राहिल्या आणि ठमी चार पावलं बाजूला, एखाद्या पाहुण्या मंत्रीणबाईंसारखी हात मागे बांधून. होडीत ती एकदम टोकाला बसायची, इतकी टोकाला की होडीचं ते टोक खाली जायचं आणि उरलेल्या तिघी वर. पोस्टमननं झोपताना एक गुपित सांगायला तोंड जवळ आणलं तर ठमी म्हणाली, “तिथूनच सांग, मला ऐकू येतं.” दोन हातांवरून सांगितलेलं गुपित बाजूच्या तंबूनंही ऐकलं. दुसऱ्या दिवसापर्यंत तिचंही बारसं झालं होतं. राणीसाहेब.

“राणीसाहेबांना आपला वास येतो वाटतं,” कप्तान म्हणाली. मुद्दाम ऐकू जाईल अशी म्हणाली. ठमीनं ऐकलं आणि टोपी कानांवर आणखी खाली ओढली.

झिपरी मात्र हार मानणाऱ्यातली नव्हती. एका सकाळी धक्क्यावर ठमी एकटी बसली होती. चार दिवसांनी पहिल्यांदाच टोपी काढून, आजूबाजूला कुणी नाही बघून, केस विंचरत होती. तेवढ्यात झिपरी आली, पाण्यातून नुकतीच बाहेर पडलेली, केसांत शेवाळ अडकलेलं.

“राणीसाहेब, कंगवा द्या ना जरा. माझा तळ्यात पडला.”

“माझा तुटलाय,” ठमी म्हणाली.

झिपरीनं कंगव्याकडे पाहिलं. कंगवा ठमीच्या हातात होता, निळा, लांब, एकही दात न पडलेला. ठमीनंही त्याच्याकडे पाहिलं. खोटं बोलायची सवय नसलेलं माणूस खोटं बोलायला गेलं की ते निस्तरताना आणखी मोठा घोटाळा करतं. ठमीनं तो कंगवा उचलला आणि जोरात तळ्यात भिरकावून दिला.

“बघ,” ती म्हणाली. “नाहीये माझ्याकडे.”

झिपरी हसली नाही. आयुष्यात पहिल्यांदाच बहुधा. “नको होता द्यायचा तर नाही म्हणायचं,” ती हळूच म्हणाली आणि तशीच भिजलेली निघून गेली. दुपारच्या जेवणापर्यंत पोस्टमननं ही बातमी पाचही तंबूंत पोचवली. राणीसाहेबांनी कंगवा पाण्यात बुडवला, पण झिपरीला दिला नाही. त्या दिवशी जेवणाच्या लांब टेबलाशी ठमीच्या दोन्ही बाजूंच्या जागा रिकाम्या राहिल्या. तिथं वाचायला सूचनाफलकही नव्हता. ठमी ताटाकडे बघत जेवली आणि मग मोरीवर जाऊन तोंड धुतलं, बराच वेळ.

त्याच संध्याकाळी आईचा फोन आला. फोन इमारतीत, मोठ्या बाईंच्या टेबलावर, आणि मोठ्या बाई समोरच बसलेल्या.

“पाहुणे कसे आहेत?” आईनं विचारलं. सलूनमध्ये गिऱ्हाईक असावं.

“माहीत नाही. दिसत नाहीत. पण वाटतं, आहेत.”

“दुसरीकडे कुठं गेले नाहीत ना?”

“नाही. मी कुणाच्या जवळच जात नाही.” ठमीनं मोठ्या बाईंकडे पाठ केली. “आई, मला घरी ने.”

“वेडी का काय! थोडे दिवस राहिलेत. मैत्रिणी झाल्या की नाही?”

फोन ठेवल्यावर मोठ्या बाई चष्म्यावरून बघत म्हणाल्या, “पाहुणे कोण येणार आहेत? इथं परवानगीशिवाय पाहुणे चालत नाहीत हं.” आणि बोलता बोलता त्यांनी पेन्सिलीनं आपलं डोकं खाजवलं.

दोन दिवसांनी भांडं फुटलं. सकाळच्या प्रार्थनेला सगळ्या रांगेत डोळे मिटून उभ्या होत्या आणि सिस्टर डोळे उघडे ठेवून. त्यांना दिसलं ते असं की वीस मुली प्रार्थना करतायत आणि त्यातल्या निम्म्यांचा एक हात डोक्यात आहे. प्रार्थना संपायच्या आत सिस्टरनी जी समोर होती तिचं डोकं धरलं. समोर होती झिपरी. सिस्टरनी त्या जंगलात बोटं घातली, दोन केस बाजूला केले आणि एवढ्या मोठ्यानं “अगं बाई!” म्हणाल्या की तळ्यातली बदकं उडाली.

“उवा!”

हा शब्द ऐकताच रांग फुटली. झिपरीच्या भोवती एवढी मोकळी जागा झाली की तिथं आणखी एक तंबू उभा राहिला असता. पाच मिनिटांपूर्वी जिच्या गळ्यात हात होता तिच्यापासून कप्तानही चार ढांगा मागे सरकली.

“मला वाटलंच होतं,” कप्तान म्हणाली. “केसच बघा की तिचे. हिनंच आणल्या.”

“झिपरीनं आणल्या! झिपरीनं आणल्या!” मागच्या तंबूच्या मुलींनी सूर धरला.

झिपरी मधोमध उभी होती. पाण्यात पडल्यावर हसणारी ती मुलगी जमिनीवर धड उभी असताना रडायला लागली. “मी नाही आणल्या,” ती म्हणत होती. “आईशप्पथ, मी नाही.” पण ज्याच्या डोक्यात सापडलं त्याचंच ऐकायला कुणाला वेळ असतो?

ठमीला पक्कं ठाऊक होतं हे कुणाचं काम. एवढं सांभाळलं, खाट लांब नेली, कंगवा बुडवला, तरी एखादी चिवट लीख फुटली आणि गेली टुणकन झिपरीच्या डोक्यात. बोलावं तर आईचं सलून, आईनं रंगवलेली काच, त्या दोन खुर्च्या. न बोलावं तर समोर झिपरी. झाकली मूठ सव्वा लाखाची हे खरं, पण त्या मुठीत दुसऱ्याचा गळा असला तर? ठमीला सलूनमधली आई दिसली आणि तिनं मनातल्या मनात आईला म्हटलं, माफ कर गं. मग ती चालत जाऊन झिपरीच्या शेजारी उभी राहिली. तिनं टोपी काढली.

“हिनं नाही आणल्या. मी आणल्या. माझ्या डोक्यात होत्या. यायच्या आदल्या दिवशीच सापडल्या होत्या.”

कप्तान आणखी एक ढांग मागे सरकली.

“माझ्या आईचं सलून आहे,” ठमी म्हणाली. आता बोलायचंच आहे तर सगळंच, असा तिचा हिशेब. “आईनं औषध लावलं होतं. पण लिखा राहतात. म्हणून मी कुणाजवळ बसत नव्हते. म्हणून टोपी. म्हणून कंगवा.”

झिपरीचं रडं अर्ध्यात थांबलं. “म्हणून कंगवा फेकलास?”

“हो.”

“अगं गाढवे!” झिपरी ओरडली. “मला वाटलं, तुला माझी किळस येते!”

“मला तुझी किळस कशाला येईल? मला तर...” ठमी टोपी पिळत राहिली.

कप्ताननं शिट्टी तोंडात घातली, पण फुंकली नाही. काढून हातात धरली. “थांबा,” ती म्हणाली. तिचे कान लाल झाले होते. “खाजत तर मलापण होतं. केव्हापासून. मी शिट्टीनं खाजवायचे.”

आणि मग पोस्टमन, जी सगळ्या जगाच्या बातम्या सांगायची, तिनं आयुष्यात पहिल्यांदा स्वतःची बातमी दिली. “माझ्या धाकट्या भावाच्या डोक्यात होत्या,” ती जमिनीकडे बघत म्हणाली. “आम्ही एकाच खोलीत झोपतो. मला वाटलं, मुलांच्या डोक्यातल्या मुलींना होत नाहीत.”

सगळ्यांनी पोस्टमनकडे पाहिलं. मग एकमेकींकडे. दर तासाला पाच तंबू, प्रत्येक कानाला तोंड, प्रत्येक डोक्याला डोकं. एवढी नेमानं टपाल वाटणारी मुलगी, आणि टपालाबरोबर हे! आधी कप्तान हसली, मग मागचा तंबू, मग सगळ्याच. पोस्टमन तेवढी रडत होती, पण थोड्या वेळानं तीही हसायला लागली, कारण वीस जणी हसत असताना एकटीनं रडत राहणं फार कठीण असतं.

सिस्टरनी एकेकीला उजेडात उभं करून डोकी पाहिली. तंबू एक, सगळ्या. तंबू दोन, सगळ्या. तपासणारीचा चेहरा उतरत चालला. ठमीनं तर आधीच कबूल केलं होतं, तिचं डोकं कुणी पाहिलंही नाही. मोठ्या बाई धावत आल्या आणि म्हणाल्या, “हे असं माझ्या शिबिरात कधीच झालं नव्हतं,” आणि डोकं खाजवलं. सिस्टर त्यांच्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “बाई, तुम्हीही जरा इकडे उजेडात या.”

नंतर हुकूम सुटला. ज्यांच्या डोक्यात आहेत त्या खाली तंबूंत राहतील, औषध, फणी, रोज तपासणी. आणि जी स्वच्छ सापडेल तिला वर इमारतीत हलवायचं. खाट, गादी, स्वतंत्र खोली. शिबिर संपेपर्यंत खाली यायचं नाही, जेवण वर, खेळ वर. “एक तरी निघू दे गं,” सिस्टर हात जोडून म्हणाल्या. “पालकांना सांगायला एक तरी स्वच्छ डोकं हवं मला.” खोली झाडून तयारच ठेवली होती.

औषध आलं, फण्या आल्या, पण लावणार कोण? सिस्टर एक, डोकी वीस. तेव्हा राणीसाहेबांनी बाह्या सरसावल्या. आईच्या हाताखाली वाढलेली पोर ती. “गवतावर बसा,” तिनं सांगितलं. “एकीमागे एक. पुढचीचं डोकं मागचीनं करायचं. आधी केस ओले. मग बट वेगळी, मुळापासून टोकापर्यंत, टॉवेलला पुसायचं. ओढू नका, उपटायचे नाहीयेत.” तळ्याकाठी मुलींची आगगाडी लागली. कप्तान शिट्टी वाजवायची आणि सगळ्याजणी फण्या एकदम खाली ओढायच्या. कुणी ओरडत होतं, कुणी सापडलेल्या उवांना शिक्षकांची नावं देत होतं. ठमी इकडून तिकडे फिरत होती, हिचा हात सरळ कर, तिला नवा टॉवेल दे. तिला कुणी लांब हो म्हणत नव्हतं आणि तिलाही कुणापासून लांब व्हायचं नव्हतं. शेवटी ती गाडीच्या टोकाला, कप्तानच्या मागे बसली आणि कप्तानचं डोकं करू लागली.

सगळ्यात पुढे होती झिपरी. तिच्या पुढे कुणी नव्हतं, म्हणून तिचे हात रिकामे. तिनं मागे वळून पाहिलं, गाडीभर नजर फिरवली आणि तिच्या लक्षात आलं की ठमीच्या मागेही कुणी नाही.

“हिचं कोण करणार?” ती म्हणाली.

“माझं राहू दे,” ठमी म्हणाली.

“राहू दे कसं? सरका गं सगळ्या, गोल व्हा!”

वीस ओल्या मुली बुडाबुडानं सरकत गोल झाल्या आणि झिपरी तिच्या मागच्या मुलीसकट ठमीच्या पाठीशी येऊन टेकली. ठमीच्या केसांत बोटं शिरली. इतक्या दिवसांत तिच्या डोक्याला रबराखेरीज कुणाचाही स्पर्श झाला नव्हता. तिचे डोळे आपोआप मिटले. झिपरीला काम येत नव्हतं, ती एकच बट पुन्हा पुन्हा विंचरत होती, पण ठमीनं तिला थांबवलं नाही.

बराच वेळ गेला. मग झिपरी कानाशी कुजबुजली.

“अगं, काहीच नाहीये.”

“काय नाहीये?”

“उवा. एकपण नाही. लीखसुद्धा नाही.”

“नीट बघ.”

“तीनदा बघितलं. तुझं डोकं स्वच्छ आहे. तुझ्या आईनं एकही ठेवलेली नाही.”

ठमीला हसावं की रडावं कळेना. दारातली खाट, ती टोपी, तो निळा कंगवा, ते रिकाम्या खुर्च्यांमधलं जेवण, सगळं एका स्वच्छ डोक्यापायी! आईचा तिला इतका अभिमान आणि इतका राग एकदम कधीच आला नव्हता. आणि मग तिला टेकडीवरची ती झाडलेली खोली आठवली. सिस्टर टॉवेल तपासत गोलातून इकडेच येत होत्या. प्रत्येक टॉवेलपाशी त्यांचा चेहरा आणखी पडत होता.

“मला वर नेतील,” ठमी म्हणाली. तिचा आवाज एवढासा झाला. “मला नाही जायचं.”

सिस्टर आल्या. “काय गं, हिचं काय? काही आहे का?” त्यांच्या आवाजात शेवटची आशा होती.

“भरपूर!” झिपरी म्हणाली. “कितीतरी आहेत, सिस्टर.”

“दाखव टॉवेल.”

टॉवेल बर्फासारखा पांढरा होता. झिपरीनं तो ठमीच्या पाठीआड लपवला, पण लपवून किती लपवणार? तेवढ्यात पुढे बसलेल्या कप्ताननं मान वळवली. तिनं सगळं ऐकलं होतं. तिनं आपल्या मांडीवरच्या टॉवेलवरून चिमटीनं एक चांगली जाडजूड ऊ उचलली आणि अगदी सहज, मैत्रिणीला गोळी द्यावी तशी, हात मागे करून झिपरीच्या टॉवेलवर ठेवली. पलीकडून पोस्टमननं हात लांब करून आणखी एक दिली. सिस्टरनी टॉवेल पाहिला, उसासा टाकला आणि म्हणाल्या, “ही पण गेली.” मग त्या जड पावलांनी मोठ्या बाईंच्या डोक्याकडे वळल्या.

त्या लांब जाईपर्यंत चौघींनी श्वास रोखून धरला होता. मग कप्तानच्या खांद्यांना हसू फुटलं, पोस्टमननं तोंडात टॉवेल कोंबला.

“पण हे खोटं झालं ना,” ठमी म्हणाली. तिला अजूनही खोट्याची सवय नव्हती. “उद्या सिस्टर परत बघतील. मग?”

झिपरीनं यावर विचार केला. मग तिनं पुढे वाकून आपलं ओलं, कुरळं, उवांनी गजबजलेलं डोकं ठमीच्या डोक्याला धप्पकन लावलं आणि चांगलं खसाखसा घासलं.

“आता खरं झालं,” ती म्हणाली.

ठमीनं डोकं मागे घेतलं नाही.